मथळा आणि मामलेदार

६ जुलै १८९७, मंगळवार. त्या दिवशींच्या 'केसरी'च्या अग्रलेखावर एक प्रश्न छापलेला होता : 'सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय?' प्रश्न अवघ्या पांच शब्दांचा. पण मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासांत इतक्या लांब पल्ल्याचा मथळा दुसरा दाखवितां येणें कठीण. प्लेगच्या बंदोबस्तासाठीं पुण्यास नेमलेले रँडसाहेब यांच्यावर २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडण्यांत आली. लेफ्टनंट आयर्स्ट जागच्या जागीं ठार झाले आणि रँडसाहेब ३ जुलै रोजीं वारले. मारेकरी सांपडेनात, म्हणून साऱ्या शहरावर जादा पोलीस बसविण्यांत आले व त्यांचा खर्च रहिवाशांच्या माथीं मारण्यांत आला. अशा वेळीं टिळकांनीं हा प्रश्न विचारला, आणि पुढच्याच मंगळवारीं 'राज्य करणें म्हणजे सूड उगविणें नव्हे' असा दुसरा मथळा देऊन पहिल्याचें जणूं भाष्यच केलें.

मराठी घरांत या प्रश्नाचा अर्थ कोणास सांगावा लागत नाहीं. वडीलधारें माणूस भलत्याच गोष्टीवरून भडकलें, कीं माजघरांत हेंच वाक्य हलक्या आवाजांत उच्चारलें जातें. 'ठिकाण' या शब्दाचा येथें भूगोलाशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु सरकार मराठी वृत्तपत्रें मराठींत वाचीत नसे. देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास मुंबईंत तयार होई, आणि त्या गोषवाऱ्यांत मराठी वाक्य आपलें पागोटें उतरवून, हॅट घालून साहेबाच्या टेबलासमोर उभें राही. पागोट्याबरोबर पुष्कळ वेळां त्याचा अर्थही दाराबाहेर राही. तेव्हां एखाद्या नव्यानेंच विलायतेहून आलेल्या, कामसू आणि विनोदबुद्धीचा स्पर्श न झालेल्या सेक्रेटरीनें हा मथळा अक्षरशः घेतला असता, तर काय झालें असतें, याची कल्पना करण्यास हरकत नसावी.

सरकारच्या मालकीची एक वस्तु आपल्या ठिकाणावर आहे किंवा नाहीं, असा संशय एका छापील पत्रानें उपस्थित केला आहे. वस्तु महत्त्वाची आहे. अर्थात् चौकशी झालीच पाहिजे. सेक्रेटरीकडून कमिशनरास, कमिशनराकडून कलेक्टरास, कलेक्टराकडून प्रांतसाहेबास आणि प्रांतसाहेबाकडून मामलेदारास अशा पायऱ्या उतरत उतरत तो हुकूम एके दिवशीं जुन्नरच्या कचेरींत येऊन पडतो. जुन्नरला आगगाडी तेव्हां नव्हती आणि अद्यापही नाहीं. त्यामुळें टपालाची थैली येईपर्यंत पुण्यांत प्रश्न शिळा झालेला, आणि जुन्नरांत उत्तर मात्र 'उलट टपालीं' हवें.

जुन्नर हें कागदपत्रांस घाबरणारें गांव नव्हे. यंत्रावरचा स्वस्त कागद येण्यापूर्वीं जुन्नरचा हातकागद दप्तरखान्यांत नांवाजलेला होता, आणि तो बनविणाऱ्या कागदी लोकांची येथें वस्ती होती. ज्या गांवानें इतरांच्या हुकुमांस कागद पुरविला, त्यास हुकुमाचें वाचन कसें करावें हेंही ठाऊक असावयाचेंच. मामलेदारसाहेब लखोटा फोडतात, चष्मा पुसतात, पुन्हा वाचतात. मथळा त्यांनीं पूर्वींच वाचलेला आहे. चोरून वाचला आहे, एवढेंच. अव्वल कारकून खालीं मान घालून दौतींत टांक बुडवीत राहतो, कारण मान वर केल्यास हंसूं फुटेल अशी त्यास धास्ती. शेवटीं रीतीप्रमाणें प्रत्येक गांवीं पाटील-कुलकर्ण्यांस ताकीद सुटते कीं, आपल्या शिवेंत सरकारचें डोकें आढळल्यास तें जसेंच्या तसें ठेवून ताबडतोब वर्दी द्यावी.

आंबेगांव हा त्या वेळीं खेड तालुक्याचा पेटा. त्याचें ठाणें घोडेगांवास, आणि त्याची पश्चिमेची हद्द भीमाशंकराच्या रानांत, सह्याद्रीच्या कड्यावर. घोडेगांवचे महालकरी अधिक सावध. त्यांचें उत्तर असें येतें कीं, पेट्यांत सरकारचे हात दर हप्त्यास सर्वत्र दिसतात. सरकारचे कान अलीकडे बरेच वाढले आहेत. सरकारचे पायही फिरतीच्या दिवसांत डाकबंगल्यापर्यंत येतात. डोक्याचा रकाना मात्र निरंक. जंगलखात्याचे अधिकारी त्यावर स्वतंत्र शेरा मारतात : सदरहू डोकें राखीव जंगलांत सांपडल्यास त्यावर पहिला हक्क जंगलखात्याचा राहील, आणि हिरडा गोळा करणाऱ्यांनीं तें उचलल्यास दंड होईल.

यांतील 'हात' हा शब्द केवळ गंमतीचा नव्हे. १८९६-९७ चें साल दख्खनेंत दुष्काळाचें होतें. सरकारच्याच फॅमिन कोडांत रयतेस कोणत्या सवलती मागतां येतात, तें सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेड्यापाड्यांतून समजावून सांगत होते, आणि टिळक तेंच 'केसरी'तून लिहीत होते. सरकारनें स्वतः छापलेला कायदा रयतेस वाचून दाखविणें हेंच अधिकाऱ्यांस चिथावणीसारखें वाटूं लागलें होतें. मथळ्यांतील प्रश्न हा प्लेगच्या पुष्कळ आधीं, शेताच्या बांधावर सुचलेला असावा.

पण मामलेदारांचा तपास अजून पुरा झालेला नाहीं. तालुक्याच्या पश्चिम टोकास नाणेघाट आहे. कोंकणांतून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची ही दोन हजार वर्षांची जुनी वाट. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण असून तो जकातीचा होता असें परंपरेनें सांगतात. तेथील लेण्यांत सातवाहन राजकुलाचा ब्राह्मी लिपींतील प्रसिद्ध लेख आहे, आणि मागच्या भिंतीवर त्या कुळांतील राजपुरुषांच्या व राणीच्या आकृति कोरलेल्या होत्या. वर नांवें : सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्रीसातकर्णी आणि इतर. या आकृति केव्हांच नष्ट झाल्या. राहिलीं तीं वरची नांवें आणि खालीं कांहीं पावलांच्या खुणा. शिरस्तेदार हें पाहून येतो आणि मामलेदारांस सांगतो, "साहेब, एक सरकार सांपडलें आहे, पण त्याचेंही डोकें नाहीं." मामलेदारसाहेब विचारांत पडतात. वर नुसतें नांव, खालीं नुसते पाय, मध्यें कांहीं नाहीं. हुकूम वरून निघतो, शिपाई खालून चालतो, आणि दोहोंमध्यें विचार करणारें कोणी लागत नाहीं. नोकरीच्या इतक्या वर्षांत राज्यकारभाराचें इतकें बिनचूक चित्र त्यांनीं पाहिलेलें नसतें. ते अहवालांत लिहितात : 'एका पूर्वीच्या सरकारचे पाय शाबूत, डोक्याचा थांग लागत नाहीं, सदर सरकारचा अंमल सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा असल्यानें पुढील तजवीज करण्याचें कारण दिसत नाहीं.'

प्रत्यक्षांत सरकारनें चौकशी केली ती निराळ्या वस्तूची. २७ जुलै रोजीं मुंबईंत टिळकांस पकडण्यांत आलें. त्याच सुमारास नातू बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं चौकशीवांचून अटकेंत टाकण्यांत आलें. त्यांनीं तर एकही मथळा लिहिलेला नव्हता. आणि आश्चर्य असें कीं, ज्या मथळ्यानें सरकारच्या डोक्याची विचारपूस केली, त्यावर खटला झालाच नाहीं. खटला झाला तो १५ जूनच्या अंकावर, म्हणजे रँडसाहेबांवर गोळी झाडली जाण्यापूर्वींच्या मजकुरावर. त्या अंकांत पुण्याच्या शिवराज्याभिषेकोत्सवाची हकीकत होती. तींत अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. आणि 'शिवाजीचे उद्गार' या मथळ्याची, भवानी तलवारीच्या निशाणीची एक कविता होती. सरकारच्या मतें त्या कवितेंत राजद्रोह होता.

येथें सेक्रेटरीसाहेबांचें अक्षरशः वाचन पुन्हा उपयोगी पडलें असतें. उद्गार जर शिवाजीचे, तर पहिला आरोपी कोण? कायद्यास व्यक्ति लहानमोठी नाहीं. समन्स निघालें पाहिजे, आणि आरोपीचें जन्मस्थान जगजाहीर आहे : किल्ले शिवनेरी, तालुका जुन्नर. बेलीफ समन्स घेऊन गड चढूं लागतो. गडाच्या वाटेवर सात दरवाजे आहेत, आणि त्यांतील एकाचें नांवच 'परवानगीचा दरवाजा'. सरकारी नोकर तो. परवानगीवांचून पुढें कसा जाईल? आणि परवानगी देणारें तर गडावर कोणी नाहीं. दोन घटका तिष्ठून तो मनाचा हिय्या करतो, वर जातो, शिवाईच्या देवळांत नमस्कार करतो, गंगा-जमुना टाक्यांचें गार पाणी पितो आणि उतरून येऊन पंचनामा लिहवितो : 'इसम मजकूर राहत्या जागीं मिळून आला नाहीं. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे तपास करतां असें कळतें कीं, सदर इसमानें लहानपणींच गड सोडला. त्यानंतर सन १६५७ मध्यें ते एकदां रात्रीं जुन्नर शहरीं आले होते. परंतु तटास शिड्या लावून आले, सुमारें दोनशें घोडे व तीन लक्ष होन घेऊन गेले आणि मागें पत्ता ठेवला नाहीं.' पंचनाम्यांतील शेवटचा मजकूर खराच आहे; त्या वर्षीं मोंगलांच्या ताब्यांतील जुन्नरवर महाराजांनीं घातलेला छापा इतिहासांत नमूद आहे. दुसरा आरोपी भवानी तलवार. तिचा पत्ता कोणी सातारा सांगतात, कोणी लंडन; तेव्हां हें समन्स कोणत्या कोर्टाच्या हद्दींत बजावावें, यावरच दोन पिढ्या पत्रव्यवहार चालावा.

हायकोर्टांत जें घडलें तें या कल्पनेपेक्षां फारसें कमी अद्भुत नव्हतें. न्यायमूर्ति स्ट्रेची यांच्यापुढें सप्टेंबर महिन्यांत काम चाललें. कायद्याच्या १२४-अ कलमांत 'डिसअफेक्शन' हा शब्द होता. त्याचा अर्थ काय, हा खरा वादाचा मुद्दा. न्यायमूर्तींनीं ज्यूरीस सांगितलें कीं, 'डिसअफेक्शन' म्हणजे 'अफेक्शन'चा, म्हणजे प्रीतीचा, अभाव. द्वेष, शत्रुत्व, नावड, तुच्छता हें सगळें त्यांत आलें. नऊ ज्यूरर, सहा युरोपियनांनीं टिळकांस दोषी ठरविलें, तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापुढें टिळकांच्या वतीनें ॲस्क्विथ उभे राहिले. हेच पुढें इंग्लंडचे पंतप्रधान झाले. परंतु अपिलाची परवानगी मिळाली नाहीं.

प्रीतीचा अभाव हा गुन्हा ठरल्यावर प्रीति मोजण्याचें माप कोणाकडे तरी सोंपविणें ओघानेंच आलें, आणि मोजमापाचें काम मामलेदारावांचून दुसऱ्या कोणाचें? पिकाची आणेवारी ते दरसाल काढीतच असतात. त्याच तक्त्यास एक रकाना वाढवावयाचा. घाटाखालच्या भातखाचरांतून प्रीति यंदा नऊ आणे. पूर्वेकडे बाजरीच्या पट्ट्यांत पाऊस न झाल्यामुळें साडेतीन आणे. ओतूरच्या बाजारांत भाव उतरल्याच्या दिवशीं प्रीति एकदम खालीं गेली, सबब सरासरी धरली आहे. सोळा आणे प्रीति फक्त कचेरीच्या आवारांत, पगाराच्या दिवशीं आढळली. सारा तहकूब करतां येतो, तशी प्रीतीही तहकूब करतां यावी असा अर्ज एखादा शेतकरी करतो. त्यावर शेरा पडतो कीं, प्रीति थकल्यास पुढील सालीं व्याजासह वसूल करण्यांत येईल. आणि एखाद्या म्हातारीनें चावडीवर सरळ विचारावें, "अहो रावसाहेब, सरकार आमच्यावर किती आणे प्रीति करतें, तेंही त्या कागदांत लिहितां कां?" या प्रश्नास तक्त्यांत रकाना नव्हता.

सरकारासही ही व्याख्या थोडी सैल वाटली असावी. कारण पुढच्याच वर्षीं, १८९८ मध्यें, कलमास दुरुस्ती झाली आणि 'डिसअफेक्शन'मध्यें राजनिष्ठेचा अभाव व शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात, असें स्पष्टीकरण जोडलें गेलें. सैल गांठ घट्ट करण्याची ही रीत होती. टिळक त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत, मुदतीपूर्वीं, सुटून आले. त्यांच्या सुटकेसाठीं झालेल्या अर्जावर मॅक्स म्युल्लर यांचीही सही होती. ऋग्वेदाचें संपादन करणाऱ्या पंडितास 'ओरायन'कर्त्याचें डोकें ठिकाणावर आहे, याविषयीं शंका नसावी.

अकरा वर्षांनीं पुन्हा मथळेच पुढें आले. मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर १२ मे १९०८ च्या अंकांत 'देशाचें दुर्दैव' हा लेख आला, आणि ९ जूनच्या अंकांत 'हे उपाय टिकाऊ नाहींत'. दुसऱ्याच्या आदल्याच दिवशीं स्फोटक पदार्थांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कायदे एका दमांत मंजूर झाले होते. 'उपाय' ते हेच. आंबेगांव पेट्यांत हा मथळा सरळ बांधकामखात्याकडे गेला असता. घोड नदीच्या खोऱ्यांत पावसाळ्यानंतर कोणता उपाय टिकाऊ राहतो? मोऱ्या वाहून जातात, सडका खचतात. ओव्हरसियरसाहेबांनीं तांतडीनें खुलासा केला असता कीं, सदर उपाय चुन्यांत पक्के बांधलेले असून टीकाकारानें समक्ष येऊन पाहावे. आणि 'देशाचें दुर्दैव' ही तक्रार असेल तर ती ज्योतिषाकडे. देशाची जन्मपत्रिका सादर करावी, जन्मवेळ पक्की नसल्यास कारण नमूद करावें. शिवजन्माच्या तिथीवरच पंडितांचीं दोन मतें असणाऱ्या मुलुखांत देशाची जन्मवेळ कोणी द्यावी?

त्या खटल्यांत हंसण्यासारखें जें होतें, तें मात्र कल्पनेंतलें नव्हतें. पुण्याच्या घराच्या झडतींत पोलिसांस एक कार्ड सांपडलें. त्यावर स्फोटक पदार्थांवरील दोन इंग्रजी पुस्तकांचीं नांवें लिहिलेलीं होतीं. सरकारनें नुकताच स्फोटक पदार्थांचा कायदा केला होता, त्यावर लिहावयाचें म्हणून एका कॅटलॉगांतून तीं टिपून ठेवलीं, असें टिळकांनीं सांगितलें. कायदा वाचून त्यावर टीका करणाऱ्या संपादकाजवळ पुस्तकांचीं नांवें नसावींत, तर काय भाजीचा हिशेब असावा? पण तें कार्ड पुराव्यांत दाखल झालें. भाषांतराचा वाद तर फारच मोठा. मराठींत राजकारणाचे शब्द अजून घडत आहेत, आणि माझ्या शब्दांस इंग्रजींत अधिक तिखट शब्द बसविले आहेत, अशी टिळकांची तक्रार होती. भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनीं स्वतः घेतली. एकेका शब्दाची फोड करून विचारलें कीं, याला दुसरा शब्द नव्हता काय? एकवीस तासांहून अधिक काळ त्यांनीं आपला बचाव केला. ऐकणाऱ्या ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी. मराठी मथळ्याचा निवाडा बहुतांशीं मराठी न जाणणाऱ्या मंडळीनें करावयाचा होता.

न्यायासनावर होते न्यायमूर्ति दावर. १८९७ मध्यें याच दावरांनीं बॅरिस्टर या नात्यानें टिळकांच्या जामिनासाठीं भाषण केलें होतें, आणि न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजींनीं तो जामीन दिला होता. १९०८ मध्यें टिळकांच्या वतीनें जिनांनीं जामीन मागितला, तेव्हां दावरांनीं तो नाकारला. २२ जुलैच्या रात्रीं सातांविरुद्ध दोन अशा मतानें टिळक दोषी ठरले. सहा वर्षें काळें पाणी आणि हजार रुपये दंड. मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबानें. त्यांतील पुष्कळांनीं तो लेख वाचलेला नसेल, कित्येकांस वाचतांही येत नसेल. पण मथळा ऐकण्यास अक्षरओळख लागत नाहीं. चाळींत एकानें मोठ्यानें वाचला म्हणजे पुरे.

या कलमाचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतां येईल. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्यें केदारनाथ सिंगांच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें तें वैध ठरविलें, पण हिंसेस किंवा अव्यवस्थेस चिथावणी असेल तरच तें लागू पडेल अशी त्यास मर्यादा घातली. मे २०२२ मध्यें त्याच कोर्टानें त्याचा अंमल स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोड जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तींतील १५२ व्या कलमांत 'डिसअफेक्शन' शब्द राहिला नाहीं, तरी देशाचें सार्वभौमत्व धोक्यांत आणणाऱ्या बोलण्या-लिहिण्यास शिक्षा आहेच. तिच्या शब्दांची व्याप्ति किती, यावर वकीलमंडळींचा वाद चालू आहे. ज्या कोर्टखोलींत टिळकांस शिक्षा झाली, तिच्या बाहेर त्यांचे त्या वेळचे शब्द कोरलेली संगमरवरी शिळा १९५६ मध्यें मुख्य न्यायमूर्ति छगला यांच्या हस्तें बसविण्यांत आली. ते शब्द टिळकांनीं इंग्रजींत उच्चारलेले असल्यामुळें त्यांस भाषांतरकार लागला नाहीं.

जुन्नरच्या त्या काल्पनिक चौकशीचे कागद अर्थातच कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहींत. नाणेघाटांतील पाय मात्र अजून आपल्या ठिकाणावर आहेत. पावसाळ्यांत धुकें आणि धबधबे पाहण्यासाठीं आतां तेथें मोटारींची रीघ लागते. मंडळी रांजणापाशीं उभी राहून छायाचित्रें काढतात, लेण्यांत क्षणभर डोकावतात आणि खालच्या पावलांकडे पाहून बाहेर पडतात. डोक्याची चौकशी कोणी करीत नाहीं.